ॲब्सिंथविरोधी प्रचारातील ज्यूद्वेष कसा ओळखावा

फ्रान्समध्ये १९०० च्या आसपास निघालेली ॲब्सिंथ या कडू वनस्पती घालून बनणाऱ्या तीव्र मद्याच्या विरोधातील पत्रके किंवा वृत्तपत्रे अभ्यासायला घेताना मद्याविरुद्धची तक्रार आणि माणसांविरुद्धची तक्रार आधी वेगळी करावी. दारूमुळे होणारी संसारांची धूळधाण खरी होती आणि अनेक मद्यविरोधकांचा ज्यूद्वेषाशी काही संबंध नव्हता. सर्वांना एकाच माळेत ओवणे अन्यायाचे ठरेल.

त्यानंतर मजकुरात कारखानदाराचा उल्लेख कसा येतो ते पाहावे. पूर्व फ्रान्समधील पाँतार्लिए येथील पेर्नो फिस ही ॲब्सिंथ बनवणारी सर्वांत नावाजलेली कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हेय-पिकार या ज्यू कुटुंबाच्या हाती आली. एदुआर द्र्युमाँने १८९२ मध्ये ‘ला लीब्र पारोल’ हे ज्यूद्वेष्टे वृत्तपत्र काढले होते आणि १८९४ मध्ये द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप होऊन प्रकरण पेटले, त्यामुळे ज्यू परका माणूस फ्रेंचांना विष पाजतो हा आरोप करायला आयतेच निमित्त मिळाले. पेयाचे गुणदोष सोडून लेखक मालकाच्या धर्माकडे वळला, तर तिथे खूण करावी.

सर्वांत बारकाईने पाहण्याची गोष्ट म्हणजे वाईनला मिळणारी सूट. फायलोक्सेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर वाईन महागली आणि कारखान्यातील स्वस्त अल्कोहोलपासून बनणाऱ्या ॲब्सिंथने तिची जागा घेतली. मळे सावरले तेव्हा वाईन उत्पादकांना ती जागा परत हवी होती आणि १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये त्यांचा उद्रेक झाला. वाईन म्हणजे आपल्या मातीचे निरोगी पेय आणि ॲब्सिंथ म्हणजे उपऱ्यांचे जहर, ही मांडणी या आर्थिक हितावर ज्यूद्वेषाचा मुलामा चढवते. मला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात ‘ज्यू’ हा शब्द नसला तरी वाचकाला रोख कळत असे.

वैद्यकीय दावेही तपासावेत. ॲब्सिंथने वेड लागते असे सांगणारे फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ व्हालांतँ मान्याँ यांनी प्रयोगात प्राण्यांना ॲब्सिंथ नव्हे, तर त्यातील कडू वनस्पतीचा तीव्र अर्क दिला होता. स्वित्झर्लंडमधील १९०५ च्या लांफ्रे हत्याकांडाचा (लांफ्रे नावाच्या मजुराने पत्नी व मुलींना ठार मारले) दोष ॲब्सिंथवर आला, पण आरोपीने त्या दिवशी वाईनही भरपूर ढोसली होती.

ॲब्सिंथवरील १९१५ च्या फ्रेंच बंदीचे एकमेव कारण ज्यूद्वेष होते असे मात्र लिहू नये. युद्धकाळातील सैन्याच्या सक्षमतेची चिंता आणि वाईन उत्पादकांचे वजन यांचीही नोंद त्याच परिच्छेदात करावी.