फॉस्टरमधला मस्तीखोर कुत्रा घरी आणताय? या चुका टाळा

फॉस्टरमधून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत ज्या कुटुंबाने तात्पुरता सांभाळला त्यांच्याकडून, वर्ष-दीड वर्षाचा, उड्या मारणारा मिश्र जातीचा कुत्रा घरी आला की पंधरवड्यात तक्रार सुरू होते: "कितीही पळवा, दमतच नाही." आणि मग त्याला आणखी पळवलं जातं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

रोज तासभर चेंडू फेकत राहिलात तर त्याचा दम वाढेल, शांतपणा नाही. तरुण कुत्र्याला दिवसाकाठी साधारण १२ ते १४ तास झोप लागते. नव्या घरात माणसं, आवाज, वास सगळंच अनोळखी, त्यामुळे ती पुरी होत नाही. मग संध्याकाळी तो सोफ्यावरून सुसाट धावतो, बाही ओढतो, घोट्याला दात लावतो. अंगात अजून रग आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर तो झोप न झालेल्या लहान मुलासारखा किरकिरा झालेला असतो. अशा वेळी खेळ बंद करा. कोपऱ्यात अंथरूण, चघळायला सुरक्षित खेळणं, दिवे मंद, आणि घरातल्या कुणीही त्याला हाक मारायची नाही. फिरायला न्याल तेव्हा पट्टा सैल सोडा आणि हुंगू द्या. एकाच बुंध्याशी पाच मिनिटं रेंगाळला तरी ओढू नका. नाकाला काम मिळालं की डोकं दमतं, आणि तेच हवं असतं.

दुसरी चूक दत्तक घेण्याआधीच होते. फॉस्टर करणाऱ्यांना लोक "यात लॅब्रॅडॉर आहे का?" असं विचारतात. दिसण्यावरून बांधलेला जातीचा अंदाज अनेकदा साफ चुकतो. त्यापेक्षा हे विचारा: एकटा किती वेळ राहतो? झाडू, छत्री, हेल्मेट यांना घाबरतो का? खाताना कुणी जवळ गेलं तर अंग ताठ करतो का? रात्री कुठे झोपतो? ही माणसं त्याच्यासोबत राहिलेली असतात, त्यांच्याइतकं त्याला कुणीच ओळखत नाही. लसीकरणाचं कार्ड घ्याच, आणि त्याची वापरातली चादर न धुता मागून घ्या. ओळखीच्या वासावर पहिली रात्र बरीच सोपी जाते.

खाणं एकदम बदलू नका; जुन्यात नवं मिसळत ७ ते १० दिवस घ्या, नाहीतर जुलाब होऊ शकतात.

पळून जाण्याचा धोका मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं सहज काढतो. नवं घर कुठे आहे हे त्याला अजून पक्कं ठाऊक नसतं, त्यामुळे तो परत येईलच असं नाही. सुरुवातीचे काही आठवडे हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) आणि गळपट्टा दोन्ही घाला, पट्टा दोन्हींना जोडा. फोन नंबरची ओळखपट्टी पहिल्याच दिवशी. मोकळ्या मैदानात सोडणं इतक्यात नको.

गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुर म्हणजे "लांब राहा" अशी सूचना. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो. कशामुळे गुरगुरला ते बघा आणि अंतर वाढवा.

रेस्क्यूतली, म्हणजे बेघर कुत्र्यांना वाचवून घरं मिळवून देणारी मंडळी ढोबळ हिशोब सांगतात: ३ दिवस बावरलेले, ३ आठवडे घरची घडी समजायला, ३ महिने रुळायला. काही कुत्र्यांना याहून जास्त लागतात. त्यामुळे दहाव्या दिवशी चप्पल फाडली म्हणून निराश होऊ नका. पण एकटं ठेवल्यावर सतत रडत असेल, दार ओरबाडत असेल किंवा खाणं सोडलं असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि फॉस्टरलाही त्याच दिवशी फोन करा.