रात्री अकरानंतर: हवेतल्या रेणूंची ओढ मोजताना

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात दिवसा लाईनचा भरवसा नाही, आणि मे महिन्यात लॅपटॉप तव्यासारखा तापतो. म्हणून माझी गणितं रात्री अकरानंतर चालतात. एमएस्सीच्या पोरापोरींनो, हवेतल्या रेणूंमधली दुबळी ओढ मोजायला आठ जीबीचा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं साय-फोर (रेणूंच्या ऊर्जा काढणारा संगणक प्रोग्राम) पुरतं.

थेट कार्बन डायऑक्साइडला हात घालू नका. आधी पाण्याची जोडी घ्या, कारण तिचं उत्तर ठाऊक आहे: बंधऊर्जा (जोडी तोडायला लागणारी ऊर्जा) मोलमागे सुमारे 5 किलोकॅलरी, दोन ऑक्सिजनमधलं अंतर साधारण 2.9 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). तिथवर पोहोचल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

जोडीच्या ऊर्जेतून सुट्या रेणूंच्या ऊर्जा वजा करायच्या, एवढंच. पण जोडीची एकूण ऊर्जा उणे 152 हार्ट्रीच्याही (हार्ट्री म्हणजे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) पलीकडे, आणि हवा असलेला फरक 0.008 हार्ट्रीचा. वीस क्विंटल कापसाची ट्रॉली काट्यावर चढवून तिच्यातली चहाची 100 ग्रॅमची पुडी शोधण्यासारखं आहे हे. काटा जरा हलला की पुडी गेली.

माझा काटा पहिल्यांदा हलला तो साध्या बी-थ्री-लिप या ऊर्जा काढायच्या पद्धतीमुळे. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड रात्रभर एकमेकांपासून लांबच सरकत राहिले. त्या पद्धतीत डिस्पर्शनची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींतून येणारी, ओढच नसते. ती ओढ वरून मिळवणारी डी-थ्री दुरुस्ती जोडली तेव्हा जोडी जमली.

दुसरा घोळ जास्त फसवा. बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायला वापरलेल्या गणिती फलनांचा संच) लहान असला की एक रेणू शेजाऱ्याची फलनं उसनी घेतो आणि बंध खोटाच घट्ट दिसतो. बॉइज आणि बर्नार्डी यांनी 1970 मध्ये दिलेला काउंटरपॉइजचा उपाय करा: सुट्या रेणूची ऊर्जा काढतानाही जोडीदाराची फलनं, अणूंशिवाय, त्याच जागी ठेवायची. इनपुटमध्ये दोन रेणूंच्या मधे दोन आडव्या रेघांची ओळ द्या, म्हणजे साय-फोरला तुकडे कळतात. बेसिसच्या नावातलं ‘ऑग’ (दूरवर पसरलेल्या जादा फलनांची खूण) कधीही गाळू नका.

मग कार्बन डायऑक्साइडची जोडी. टी-आकार, समोरासमोर समांतर, सरकून समांतर, तिन्ही मांडा; सरकलेली सर्वांत खोल बसते. कंपनांच्या गणितात काल्पनिक वारंवारता एकही नको; ती आली तर मांडणी अजून तळाला बसलेली नाही. शेवटी सीसीएसडी(टी) या जास्त अचूक पण महागड्या पद्धतीने ऊर्जा एकदाच काढा.

नायट्रोजनच्या जोडीला जेमतेम 0.3 किलोकॅलरी मिळाली तर चुकलं समजू नका, ती तेवढीच दुबळी आहे. खोलीच्या तापमानाची उष्णताच 0.6 च्या आसपास असते.

आणि प्रत्येक टप्प्याची भूमिती वहीत उतरवा. पहाटे लाईन गेली तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतं.