वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला कसे जावे: आधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

जपानमध्ये दर शंभर माणसांमागे २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. २०२४ मध्ये तिथे सात लाखही जपानी मुले जन्मली नाहीत. वृद्धांची सेवा करणारे कर्मचारी २०२२ मध्ये सुमारे साडेएकवीस लाख होते आणि २०४० मध्ये २७ लाखांहून अधिक लागतील, असा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा अंदाज आहे. एवढी माणसे देशात मिळणार नाहीत हे ओळखून जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'तोकुतेई गिनो' हा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासाठी करार केला. २०२४ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी जी मर्यादा ठरली, तीत एकट्या वृद्धसेवेच्या, म्हणजे 'काइगो'च्या, १ लाख ३५ हजार जागा होत्या.

गरज त्यांना आहे, हे जाणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. तरीही घाईने, कर्ज काढून, कागद न वाचता निघालेली मुले-मुली तिथे अडकतात. म्हणून हा क्रम.

१. सुरुवात शेवटापासून करा

काइगोसाठी हा व्हिसा साधारणपणे एकूण पाच वर्षांचा असतो आणि त्यावर नवरा, बायको, मुले यांना नेता येत नाही. बांधकामासारख्या क्षेत्रांत याच व्हिसाची पुढची पायरी आहे. वृद्धसेवेत ती नाही. इथे पुढचा रस्ता एकच: 'काइगो फुकुशिशी', म्हणजे प्रमाणित वृद्धसेवक होण्याची राष्ट्रीय परीक्षा. ती पास झालात की 'काइगो' हा वेगळा निवास दर्जा मिळतो. त्याचे नूतनीकरण कितीही वेळा करता येते आणि कुटुंबही नेता येते.

परीक्षेला बसायला तीन वर्षांची नोकरी, त्यात प्रत्यक्ष कामाचे किमान ५४० दिवस, आणि साधारण ४५० तासांचे प्रशिक्षण लागते. परीक्षा वर्षातून एकदाच, जानेवारीच्या शेवटी होते; तीन वर्षे मात्र त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. आता तारखा मांडून बघा. १ एप्रिल २०२७ ला रुजू झालेल्याला जानेवारी २०३०, २०३१ आणि २०३२ अशा तीन संधी मिळतात. तिसरी अगदी काठावरची असते, कारण निकाल मार्चमध्ये लागतो आणि तेव्हाच पाच वर्षे संपत आलेली असतात. मे २०२७ मध्ये रुजू झालेल्याची तीन वर्षे मार्च २०३० ला भरत नाहीत, त्यामुळे त्याच्या हातात दोनच संधी उरतात. एका महिन्याच्या उशिराने एक अख्खी संधी जाते. म्हणूनच एजंटला विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही, रुजू होण्याच्या तारखेचा आहे.

२. भाषा आणि परीक्षा

वय १८ पूर्ण हवे. भाषेसाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ ही खालून दुसरी पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा चालते. जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. जेएफटी-बेसिक संगणकावर होते, तिच्या तारखा जास्त असतात. २५० पैकी २०० गुण लागतात आणि निकाल त्याच दिवशी कळतो. शिवाय वृद्धसेवेच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात: कौशल्याची ४५ प्रश्नांची, एका तासाची, आणि कामाच्या जपानीची १५ प्रश्नांची, अर्ध्या तासाची.

एन-४ वर थांबू नका, असे मी कळकळीने सांगेन. एवढ्या भाषेवर व्हिसा मिळतो, पण पाळी बदलताना रुग्णांची माहिती दिली जाते ती पूर्ण समजत नाही. एखाद्या आजोबांना गिळायला त्रास होतो, म्हणून त्यांच्या चहात 'तोरोमी' नावाची पूड घालून तो दाट करायचा असतो. पातळ चहा श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनियापर्यंत पाळी येते. 'आजपासून तोरोमी थोडी वाढवा' एवढे एकच वाक्य सकाळची पाळी सांगून जाते. ते निसटले तर धोका आजोबांच्या जिवाला असतो.

कामाची पद्धतही भाषेइतकीच नेमकी असते. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या आजींचे कपडे काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा आणि घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा. उलट केले तर खांदा ओढला जातो. हे पुस्तकात वाचून भागत नाही, घरात कुणाला तरी खुर्चीत बसवून करून बघा.

एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्यांसाठी एक खुलासा: तिथे नर्स म्हणून काम करायला जपानची वेगळी परीक्षा आहे. या व्हिसावर तुम्ही केअरगिव्हरच असता. शिक्षणाचा कामात उपयोग नक्की होतो, पदनाम मात्र ते राहत नाही.

३. एजंट आणि पैसे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला हवा. त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. भाषेच्या क्लासची फी वेगळी असते आणि बहुतेक वेळा जादा पैसे 'ट्रेनिंग', 'डॉक्युमेंटेशन', 'फाइल चार्ज' अशा नावांखाली याच फटीतून काढले जातात. म्हणून क्लास शक्यतो वेगळ्या ठिकाणी लावा आणि प्रत्येक रकमेचा तपशील कागदावर घ्या.

अनामत ठेवणे, 'मधेच नोकरी सोडली तर इतका दंड' असे लिहून घेणे या व्हिसाच्या नियमांत बसत नाही. असा कागद पुढे आला तर सही करू नका. मूळ प्रमाणपत्रेही कुणाकडे ठेवायची नाहीत.

मी कर्जावर इतका भर देतो, त्याला कारण आहे. या व्हिसावर वाईट मालक सोडून दुसरीकडे जाण्याचा हक्क तुम्हाला असतो. पण डोक्यावर चार-पाच लाखांचे देणे असेल तर दोन महिने पगाराविना काढता येत नाहीत, आणि तो हक्क कागदावरच राहतो.

कोणत्या व्हिसावर पाठवताय, हे लेखी विचारा. १९९३ पासून चालत आलेली टेक्निकल इंटर्नची, म्हणजे शिकाऊ म्हणून कामगार नेण्याची, योजना मोडीत काढणारा कायदा जपानने जून २०२४ मध्ये मंजूर केला. त्या योजनेत मालक बदलण्याची मोकळीक जवळपास नव्हतीच.

४. करारपत्र वाचणे

तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा कमी पगार देता येत नाही, आणि करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवा. मोठ्या आकड्यावर जाऊ नका, हातात किती पडणार ते विचारा. आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा, आयकर आणि बहुधा घरभाडे पगारातून वजा होते. पुढच्या वर्षीच्या जूनपासून आदल्या वर्षाच्या कमाईवर रहिवासी कर सुरू होतो, त्यामुळे पगार तोच असून हातात कमी येते. घरी पैसे पाठवण्याचे आश्वासन देताना हे धरूनच आकडा सांगा.

आणखी तीन प्रश्न: महिन्याला रात्रपाळ्या किती? त्या ४५० तासांच्या प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार? त्यासाठी सुट्टी मिळणार का? शेवटच्या दोन्हींची उत्तरे चांगली देणारी संस्था थोडी कमी पगाराची असली तरी मी तीच निवडायला सांगेन.

५. कागदपत्रे आणि पोहोचणे

नोकरी देणारी संस्था जपानमध्ये निवास पात्रता प्रमाणपत्र काढते. ते तीन महिने चालते, तेवढ्यात व्हिसा घेऊन पोहोचायचे. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर 'झाइर्यू कार्ड', म्हणजे निवासाचे ओळखपत्र, हातात मिळते. घर ठरले की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. विमानतळावर घ्यायला येणे, घर, बँक खाते, तक्रार ऐकून घेणे ही मदत संस्थेने किंवा तिने नेमलेल्या नोंदणीकृत सहाय्य संस्थेने करायची असते, आणि तिचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा नसतो. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा.

६. नोकरी बदलायची वेळ आली तर

वृद्धसेवेतच दुसरीकडे जाता येते, पण निवासाची परवानगी मालकाशी बांधलेली असते. नव्या ठिकाणाची परवानगी हातात येईपर्यंत तिथे काम सुरू करता येत नाही. म्हणून आधी नवी ऑफर मिळवा, मगच राजीनामा द्या. नोकरी सुटल्यावर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते. योग्य कारणाशिवाय तीन महिने या कामापासून दूर राहिलात तर निवास दर्जा रद्द होऊ शकतो.

७. परत यायचे ठरले तर

पगारातून गेलेल्या पेन्शनचा काही भाग देश सोडल्यावर एकरकमी मागता येतो. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मागायचा असेल तर निघण्यापूर्वी जपानमध्ये राहणारी एखादी व्यक्ती करप्रतिनिधी म्हणून नेमून कर कार्यालयात तशी नोंद करा. अर्ज करण्याआधी एक विचार करा. ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे आणि त्यात दोन्ही देशांतली वर्षे जोडता येतात, पण एकरकमी पैसे घेतले की जपानमधली ती वर्षे या जोडणीत धरली जात नाहीत. पुन्हा जपानला जायचा विचार असेल किंवा भारतात भविष्य निर्वाह निधीचे खाते चालू राहणार असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी जपानच्या पेन्शन कार्यालयात लेखी विचारणा करा.