आधी आवाज, मग कॅमेरा

नववी-दहावीच्या मुलांना बातमीचा व्हिडिओ करायला शिकवताय? पहिल्या दिवशी कॅमेरा बंदच ठेवा. सकाळी दादरच्या फूलबाजारात न्या आणि फक्त आवाज टिपायला सांगा. फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे मुलाखतीत मध्येच रिंग वाजणार नाही. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मुलाखत संपली की तिथेच ३० सेकंद कुणी बोलायचं नाही, नुसता बाजाराचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधली फट याच आवाजाने बुजते. मुलं हीच पायरी हमखास गाळतात, म्हणून तुम्ही शेजारी उभं राहून बोटांवर सेकंद मोजा.

“धंदा बरा आहे का?” या प्रश्नाला “हो” एवढंच उत्तर मिळतं. “आज पहाटेपासून काय काय केलंत?” असं विचारलं की फुलवाल्या मावशी मोकळेपणाने बोलू लागतात. त्यांची परवानगी आणि पूर्ण नाव रेकॉर्डिंगवरच घ्या. नावाचं अचूक लेखन लगेच वहीत उतरवा. पुढच्या खेपेला कॅमेरा. तेव्हा मुलांना त्याच मुलाखतीचा आवाज ऐकवा आणि विचारा, यातलं काय दिसायला हवं? हार गुंफणारे हात कुणीतरी नक्की सुचवतं.