छातीचा पट्टा उगाच 190 दाखवते? आधी ओला करा

भाऊ, हिवाळ्यात पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं भरतीवाले पोट्टे पळतात, त्यात कोणाच्या छातीवर हार्ट रेटचा, म्हणजे मिनिटाला हृदयाचे ठोके मोजायचा, पट्टा असला तर सुरुवातीला आकडा लय उड्या मारते, कारण आंग कोरडं असते आन् पट्ट्याच्या आतले ते दोन पॅच ओले असल्याशिवाय सिग्नल नीट पकडत नाहीत, घाम सुटला का मंग येते लाईनवर. म्हणून बांधायच्या आधीच पाणी लावा, थुंकीनंही भागते. पट्टा छातीच्या स्नायूच्या खाली, सरकणार नाही इतका घट्ट. नायलॉनचं ढिलं टीशर्ट फडफडलं तरी स्टॅटिकनं, म्हणजे कापड घासून तयार होणाऱ्या विजेनं, रीडिंग बिघडते, त्यापेक्षा आंगाबरोबरचं सुती बनियन बरं. घरी आल्यावर पट्ट्यावरचा सेन्सर (ठोके मोजणारी डबी) काढूनच पट्टा धुवा, ओल्या पट्ट्यावर लावून ठेवला तर तो चालूच राहते आन् सेल उतरते.