एफवायचं स्टॅटिस्टिक्स: प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य लिहा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी पहिल्याच तासाला कुणीतरी विचारतं, "मॅडम, सूत्रं किती पाठ करायची?" मी खरं सांगते: कागदाच्या एका बाजूवर मावतील एवढीच. या विषयात मुलं अडतात ती सूत्रांपायी नाही. उत्तर ४.३७ आलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढचं गणित धरलं, तिथं अडतात. ४.३७ काय? लिटर, रुपये, दिवस? ते जास्त आहे की कमी?

म्हणून माझ्या वर्गात एकच सक्ती आहे. प्रत्येक उत्तराखाली साध्या मराठीत एक वाक्य लिहायचं, एककासकट, घरच्या माणसाला वाचून दाखवलं तर कळेल असं. पहिले पंधरा दिवस कंटाळा येतो. पण हे वाक्य लिहिता येत नसेल, तर गणित बरोबर येऊनही धडा समजलेला नाही, हे तुमचं तुम्हालाच कळतं.

सुरुवात घरच्या आकड्यांनी करा. पुस्तकातला 'कंपनी अ' आणि 'कंपनी ब' यांचा नफा तुमच्या कुणाचा लागत नाही. आमच्याकडची निम्मी मुलं सकाळी डेअरीला दूध घालून कॉलेजला येतात, म्हणून मी डेअरीचं पुस्तक आणायला सांगते. समजा पाच दिवसांचं दूध ४, ६, ५, ७, ८ लिटर. मध्य, म्हणजे सरासरी, ६. आता प्रत्येक दिवस ६ पासून किती लांब, ते लिहा: −२, ०, −१, १, २. यांची बेरीज शून्य येते, कायम येते. म्हणून वर्ग करायचे: ४, ०, १, १, ४. बेरीज १०.

इथं थांबा, कारण पहिल्या सेमिस्टरमधला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न इथंच आहे: १० ला ५ ने भागायचं की ४ ने? हे पाच दिवस हाच तुमचा सगळा विषय असेल, तर ५ ने. पण या पाच दिवसांवरून म्हशीच्या अख्ख्या हंगामाचा अंदाज बांधायचा असेल, तर ४ ने. का, ते हाताने करून बघा. वरच्या पाच फरकांतला शेवटचा झाका. पहिल्या चारांची बेरीज −२ आहे आणि एकूण बेरीज शून्य यायलाच हवी, म्हणजे झाकलेला आकडा २ च असणार. पाच फरक दिसतात, पण मोकळे चारच. पाचवा बांधलेला आहे. १० भागिले ४, म्हणजे प्रचरण (व्हेरिअन्स), आलं २.५. त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण १.५८. आता वाक्य लिहा: "दूध रोज सरासरी ६ लिटर पडतं आणि त्यात साधारण दीड लिटर मागंपुढं होतं." हे वाक्य ज्याला लिहिता आलं त्याला प्रमाण विचलन आलं.

हाताने असे पाच-सहा संच करा, मगच कॅल्क्युलेटर घ्या. साधा कॅसिओ एफएक्स-८२ एमएस पुरतो. मोड दाबून २ केलं की तो एसडीच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, मोडमध्ये जातो, आणि प्रत्येक आकड्यानंतर एम-प्लसचं बटण दाबायचं. त्यात सिग्मा एन (५ ने भागलेलं) आणि सिग्मा एन वजा एक (४ ने भागलेलं) अशी दोन उत्तरं मिळतात. ही दोन का आहेत ते तुम्हाला आता माहीत आहे. नवं गणित सुरू करताना शिफ्ट, मोड, १ आणि बरोबरचं चिन्ह दाबून जुने आकडे पुसायचे. मी स्वतः पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ते पुसले नव्हते. पेरूंची वजनं ९० ते १५० ग्रॅममध्ये होती, म्हणजे विस्तार ६०, आणि मी प्रमाण विचलन लिहून आले २१४. विस्तारापेक्षा प्रमाण विचलन मोठं कधीच येऊ शकत नाही. ही एक तपासणी मनात असती तर माझे ते गुण वाचले असते. त्या लाल गोलाची आठवण अजून आहे, आणि म्हणून हे मी दर बॅचला फळ्यावर लिहिते.

सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते, शिकताना आधी आलेख काढा, मग सूत्र. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा जोड्यांचे चार संच छापले. चारही संचांत एका चलाचा मध्य ९, दुसऱ्याचा ७.५, सहसंबंध ०.८२ च्या आसपास, प्रतिगमनाची, म्हणजे ठिपक्यांना सगळ्यात जवळून जाणारी, रेषासुद्धा तीच. काढून बघितलं तर एक साधा विखुरलेला, दुसरा स्वच्छ वक्र, तिसरा सरळ रेषेत पण एकच ठिपका भलतीकडे, चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकाच उभ्या रेषेवर. आलेखाच्या कागदावर चारही हाताने काढायला एक तास लागतो. तो तास द्या.

संभाव्यतेत टक्क्यांनी गोंधळ झाला की टक्के बाजूला ठेवून हजार माणसं घ्या. आजार शंभरात एकाला, तपासणी ९० टक्के आजाऱ्यांना पकडते, आणि निरोग्यांतल्या १० टक्क्यांनाही चुकून आजारी म्हणते. हजारांत आजारी १०, त्यातले ९ सापडतात. निरोगी ९९०, त्यातले ९९ उगाच सापडतात. म्हणजे 'आजार आहे' असा कागद हातात पडलेले १०८, आणि खरे आजारी ९. बेजच्या सूत्राचं उत्तर हेच येतं, पण असं मांडलं की ते डोळ्यांना दिसतं.

नमुना निवडीचा धडा मुलं सोडून देतात, कारण त्यात 'गणितं नाहीत'. मला याचं फार वाईट वाटतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. शेतातल्या पिकाचा अंदाज नमुन्यावरून कसा घ्यायचा, या कामात देशात पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. पीक कापणी प्रयोग गावात बघायला मिळाला तर जरूर उभं राहून बघा. शेत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, निवडतात आणि शेतातला चौकोनसुद्धा यादृच्छिक आकड्यांनी ठरतो. बांधाजवळचं डोळ्यांत भरणारं पीक कापायचं नसतं. हा धडा त्या चौकोनात उभं राहून जेवढा कळतो तेवढा वहीत कळत नाही.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, दर आठवड्याला पुरं करा. प्रसामान्य वितरणाचा (नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन, घंटेच्या आकाराचा वक्र) तक्ता वापरताना आधी वरचं चित्र बघा: काही तक्ते मधल्या रेषेपासूनचं क्षेत्रफळ देतात, काही डावीकडचं सगळं. १.९६ ला एकात ०.४७५ मिळेल, दुसऱ्यात ०.९७५.

आता हायपोथेसिस टेस्टिंग, म्हणजे एखादा दावा आकड्यांवर तपासून बघणं. इथं बहुतेकांचा हात सुटतो, म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. आमच्या जाऊबाई म्हणतात, चहा विहिरीच्या पाण्याचा की नळाच्या, हे त्या एका घोटात सांगतात. एका रविवारी आम्ही दोन थर्मास भरले. पावडर, साखर, दूध मोजून सारखं. आत मी प्रत्येक कपाला नाणं उडवत होते, छापा आला तर विहीर, काटा आला तर नळ. कप नेऊन देणाऱ्या पुतण्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. दहा कप, घोट-घोटभर. आठ बरोबर आले.

नल हायपोथेसिस, म्हणजे 'विशेष काही नाही' असं आधी धरलेलं गृहीतक, म्हणते, 'जाऊबाई अंदाजाने सांगतात'. तसं असेल तर दहा कपांची बरोबर-चूक १०२४ प्रकारे होऊ शकते. आठ बरोबर येण्याचे प्रकार ४५, नऊचे १०, दहाचा १. नऊ आणि दहा का धरायचे? कारण आठला आपण नवल मानणार असू, तर नऊला मानणारच. एकूण ५६, भागिले १०२४, म्हणजे ०.०५५. हीच पी-व्हॅल्यू. वाक्य असं: "नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्या माणसाचे दहांत आठ किंवा जास्त कप बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे." जाऊबाई खोटं बोलण्याची शक्यता साडेपाच टक्के, असं ते वाक्य अजिबात नाही. पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या खाली आली तरच नल नाकारायची, अशी रेषा आधी ठरवली होती, त्यामुळे नल नाकारता आली नाही. पण नाकारता आली नाही म्हणजे ती सिद्ध झाली असंही नाही. दहा कप फार थोडे होते.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोनच थर्मास होते ना? मग एक चहा चुकून जास्त उकळला असेल, तर काकू पाणी ओळखत होत्या की उकळणं?" बरोबर होतं तिचं. दहा कप असले तरी चहा दोनदाच केला होता. एकोणीस वर्षांत मला त्या बाकावरून मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर, आणि तिने ते प्रश्न म्हणून विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीत परत करणार आहोत. या वेळी वीस कप आणि प्रत्येक कपाला चहा नव्याने टाकायचा. रेषाही आधीच ठरवली आहे. वीसात चौदा किंवा जास्त अंदाजाने यायची शक्यता पाच टक्क्यांच्या जरा वर जाते, पंधरा किंवा जास्त यायची दोन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून जाऊबाईंसमोर वहीत लिहिलं, २० पैकी १५, आणि खाली त्यांची सही घेतली.