पाच बँडचा रॉक कॉन्सर्ट: जागा धरायची कशी, सोडायची कधी

तिकीट, ओळखपत्र, चार्ज केलेला फोन हे सांगायची गरज नाही. बूट लेसचे घाला. कोल्हापुरी पायताण घरीच बरं, गर्दीत अंगठा तुटला की संध्याकाळ वाया. पोटभर जेवून आत जा.

कोल्हापूरकरांना बहुतेक मोठे कॉन्सर्ट पुण्या-मुंबईतच गाठावे लागतात. पुणे साधारण २३० किलोमीटर, तेव्हा सकाळीच निघा. ‘शेवटचा मोठा बँड तेवढा ऐकू’ म्हणून संध्याकाळी पोचणाऱ्यांचं ऐकू नका. दुपारच्या बँडला मैदान मोकळं असतं. कुठे आवाज स्वच्छ येतो आणि कुठे नुसता घुमतो, हे तेव्हाच चालत फिरून कळतं.

आता अवघड भाग, म्हणजे जागा. ‘लवकर जा, पुढचं रेलिंग पकडा आणि हलू नका’ हा सल्ला एकाच कलाकाराच्या कार्यक्रमाला ठीक आहे. पाच बँडना तो साफ चुकीचा. पाच-सहा तास पाण्याला आणि लघवीला जाता येत नाही, शिवाय आवाजही तिथे चांगला नसतो. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात, त्यांचा मारा डोक्यावरून मागे जातो. समोर थेट ऐकू येतात ते ड्रम आणि गिटारचे अँप (स्टेजवरचे गिटारचे स्पीकर), त्यात गायकाचे शब्द बुडतात. खाली ठेवलेल्या सबवूफरसमोर, म्हणजे खर्जाच्या स्पीकरसमोर, तर बेसशिवाय काही उरत नाही.

स्वच्छ आवाज हवा तर मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनिअरचा डेस्क शोधा. छोट्या मांडवाखाली असतो. तिथे जसं ऐकू येतं, त्यावरूनच तो आवाज जुळवतो. डेस्कच्या पुढे चार-पाच पावलांवर उभं राहा. मागे नको, मांडव आडवा येतो.

पाचपैकी दोनच बँड पुढून बघायचे ठरवा, बाकीचे डेस्कजवळून ऐका. पुढे सरकायची वेळ म्हणजे दोन बँडमधली पंधरा ते तीस मिनिटं, त्यातही पहिली दोन-तीन. गाणं संपताच लोक खाण्याकडे आणि स्वच्छतागृहाकडे पळतात, गर्दी सैल होते. तुम्ही त्या लोंढ्यात जाऊ नका. लघवीला आधीचा बँड वाजत असतानाच जाऊन या. मधून घुसू नका. कडेच्या बॅरिकेडने पुढे जा आणि तिथून आडवं आत शिरा. दोघं-तिघं एकामागोमाग सहज जातात. सहा जणांची साखळी कुणी जाऊ देत नाही आणि देऊही नये.

स्टेजवर लक्ष ठेवा. पुढच्या बँडसाठी आधी किक, स्नेअर, टॉम हे ड्रम एकेक करून ठोकून बघतात, मग बेस गिटार, गिटार आणि बहुधा शेवटी गायकाचा माईक. ‘चेक, वन, टू’ ऐकू आलं की थोडीच मिनिटं उरली असं समजा आणि मिळेल तिथे थांबा. दिवे मालवल्यावर ढकलाढकली केली की भांडणं होतात. मेटल बँडला (रॉकचा जोरकस प्रकार) मधे मोकळं रिंगण पडलं तर ते मॉश पिट, तिथे एकमेकांना धडका देत नाचतात. नाचायचं नसेल तर लांब व्हा, नाचणार असाल तर पडलेल्याला आधी उचला.

कानांबद्दल मात्र हयगय नको. ‘आम्हाला डॉल्बीची सवय आहे’ असं गणपतीत नाचणारे सांगतात. कान सवय करून घेत नाहीत, ते निकामी होतात. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. कापसाने भागत नाही. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक वात करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. हा अर्धा मिनिट लोक गाळतात, मग ‘प्लग निरुपयोगी’ म्हणतात. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो.

उघड्या मैदानावर आवाज बहुधा रात्री दहाला बंद होतो आणि सगळे एकदमच रिक्षा शोधतात. परतीची एसटी किंवा ट्रॅव्हल्स साडेअकराच्या पुढचीच धरा. स्वेटर बरोबर असू द्या, घामाने भिजलेल्या अंगाला बसमधला एसी बाधतो. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला लगेच दाखवा.